समितीचा मानाचा नारळ

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागं एकदा केजच्या बाजारात सांगितली, तर ऐकणाऱ्यानं नुकतीच घेतलेली म्हैस परत केली. म्हणाला, जिथली माणसं असं बोलतात तिथलं जनावर तरी खरं कशावरून? धर्मापुरीच्या देवळापाशी सांगितली, तर भिंतीवरच्या एका दगडी बाईनं नाक मुरडलं. ते अजून मुरडलेलंच आहे, जाऊन बघा.

तरी सांगतो. गाडीला अवकाश आहे, स्टँडवरचा पंखा नुसता टांगलेला आहे, आणि मेंढरांचा सटवा शेजारी बसून मघापासून तंबाखू मळतोय पण चिमूट काही देत नाही. बाकड्याच्या पार टोकाला एक बाई बसल्यात, मांडीवर पेंगुळलेली पोरगी, पायाशी पिशवी. त्यांनीही ऐकलं तर हरकत नाही.

बीड जिल्ह्यात तालुके अकरा. ही गोष्ट बाराव्या तालुक्यातली.

"बारावा कुठनं काढला आबा?" सटवा म्हणाला.

जिथं मला कुणी कोर्टात ओढणार नाही, तिथनं काढला. ऐक गुमान.

तर बाराव्या तालुक्याच्या पंचायत समितीत अभिमन्यू तांदळे नावाचा कारकून होता. माणूस सरळ, अक्षर वळणदार, आणि नाक विचारू नका. देवानं बाकीच्यांना नाक शिंकायला दिलं, अभिमन्यूला शिक्षा म्हणून दिलं. समोरच्यानं काल काय खाल्लं आणि ते कुणाच्या खिशातनं खाल्लं, हे त्याला नुसत्या श्वासावरनं कळायचं. त्यामुळं सरकारी कचेरीत त्याचे हाल कुत्रं खात नव्हतं. कुणी जवळ येऊन गोड बोललं की हा खिडकीकडं तोंड करायचा.

असल्या माणसाला साहेबांनी काम कुठलं द्यावं? बातम्यांचं.

समितीतल्या आणि गावोगावच्या कर्मचाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, 'समिती वार्ता'. ग्रामसेवक, गुरुजी, अंगणवाडीताई, आरोग्यसेविका, पाण्याच्या टाकीवरचे पंपचालक, शिपाई, सगळे त्यात. निघाला तेव्हा हेतू चांगला होता. बदल्या कधी, प्रशिक्षण कुठं, कुणाच्या घरी कार्य, कुणाच्या घरी दुःख, आपल्या माणसाचं आपल्या माणसाला कळावं. पण दुधात मिठाचा खडा पडायला किती वेळ लागतो? सुंदरराव साहेब गटविकास अधिकारी म्हणून आले आणि वार्तेत साहेबांशिवाय काही उरलं नाही.

साहेबांनी शाळेला भेट दिली. साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. विहिरीत डोकावल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. साहेबांच्या चिरंजीवांचं जावळ निघालं. साहेबांची अक्कलदाढ निघाली, तिचा वेगळा फोटो. प्रत्येक बातमी अभिमन्यूनं लिहायची, आणि खाली तालुकाभराची माणसं न वाचता अंगठा दाबायची: हार्दिक अभिनंदन साहेब, हार्दिक अभिनंदन साहेब. फुलांचे गुच्छ, जोडलेले हात. एकदा साहेबांना हगवण लागली म्हणून बैठक रद्द झाली. अभिमन्यूनं तसं साध्या शब्दांत कळवलं. त्याच्याखालीही अभिनंदनाची रांग. एका मुख्याध्यापकांनी तर लिहिलं, 'आपली अशीच उत्तरोत्तर प्रगती होवो.'

आणि उत्तरेश्वर पंपचालकाला टाकीवर शॉक बसून हात भाजला, दवाखान्यात पडला, ती बातमी अभिमन्यूनं टाकली तेव्हा साहेबांनी अर्ध्या तासात काढायला लावली.

"तांदळे, ग्रुपवर वातावरण प्रसन्न पाहिजे. हे काय, दवाखाने, पट्ट्या? सकाळी सकाळी माणसाला जेवण जात नाही." त्या दिवशी उत्तरेश्वराच्या जागी साहेबांच्या नव्या चष्म्याचा फोटो गेला.

अशी बातमी टाकली की अभिमन्यू कचेरीमागच्या नळावर जायचा आणि कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचा. तरी बोटांना वास यायचा. घरी जेवताना त्यानं उजवा हात सोडून चमच्यानं खायला सुरुवात केली होती. भाकरी चमच्यानं खाणारा बीड जिल्ह्यातला तो पहिला माणूस.

"मग कावून करत हुता त्यो?" सटवा म्हणाला. "सरळ सांगावं, न्हाई जमत."

बायकोपायी, बाबा. त्याची बायको योगिता ग्रामसेविका होती, पण आष्टीच्याही पलीकडच्या गावाला. अख्खा जिल्हा दोघांच्या मधे आडवा झोपलेला. तिनं तिकडनं भाकरी बांधून पाठवली, तर इकडं येईस्तोवर पापड व्हायचा. पोरगी ऋतुजा आईजवळ. तिनं बाप पाहिला तो मोबाईलच्या काचेवरच. शनिवारी खरा बाप घरी आला की ती त्याच्या मागनं फिरून मान तपासायची, याला चार्जर कुठं लावतात म्हणून.

नवरा-बायको दोघं नोकरीत असले की एका ठिकाणी आणायचा नियम आहे. तसा योगिताचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी त्यावर 'शिफारस आहे' एवढाच शेरा मारायचा होता. पण साहेब तो कागद उचलायचे, मायेनं वाचायचे, त्याची सुरळी करून कान कोरायचे, आणि परत ठेवायचे.

"बघू तांदळे. बातम्या छान चालल्यात. चालू द्या."

साहेबांच्या कानातला मळ बायकोच्या नावावर लागलेला अभिमन्यूला दिसायचा. तो हसून म्हणायचा, "होय साहेब," आणि नळावर जायचा.

आता नारळाकडं येऊ.

सत्कार म्हटला की शाल, फेटा, नारळ. या समितीत एक दिवस सत्कारावाचून जायचा नाही. एवढे नारळ आणायचे म्हटले तर कोकण मराठवाड्याला जोडून घ्यावं लागलं असतं. म्हणून कुण्या जुन्या साहेबांनी प्रथा पाडली होती: शाल एक, फेटा एक, नारळ एक. मंचावर द्यायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. सत्कारमूर्ती पडद्यामागं उतरली की तिथं अभिमन्यू हात पुढं करून उभा. शाल, फेटा, नारळ परत कपाटात. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी अवाक्षर काढत नव्हतं. उलट अंगवळणीच पडलं होतं. एका ग्रामसेवकानं तर स्वतःच्या लग्नात अंतरपाट खाली आल्याबरोबर मुंडावळ्या सोडून भटजींच्या हातात दिल्या.

त्या कपाटाचं मी काय वर्णन करू? शालीचा काठ तेलानं आणि घामानं इतका ताठ झालता की ती घडी न घालता उभी राहायची. फेट्यात उवा होत्या, आणि त्या सेवेत कायम झालत्या. नारळाची शेंडी कधीच गळून गेलेली; गादीतला काथ्या डिंकानं चिकटवून वर हळदकुंकू फासलेलं. कपाट उघडलं की आंबूस, खवट, मेलेल्या घुशीचा वास यायचा. बाकीच्यांची नाकं तिथं बसून बसून मेली होती. अभिमन्यूला मात्र डोळ्याला पाणी यायचं. नारळ हलवला तर पाणी वाजायचं नाही. आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं व्हायचं.

असं चाललेलं असताना केसरबाईचं निवृत्तीचं वय झालं.

केसरबाई कचेरीतली शिपाई. आधीच्या साहेबांना पाणी दिलं, त्यांच्या आधीच्यांना दिलं, कचेरीवर पत्रे होते तेव्हापासून ती पाणी देत आली. जिभेला अडकित्त्याची धार. एका दुपारी ती अभिमन्यूच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काय रं अभिमन्यू, मपली बातमी टाकणार का न्हाई त्या वार्तंत?"

"टाकणार की मावशी. मोठा फोटो लावून टाकतो."

"फोटू ऱ्हाऊ दे. नारळ चांगला दे."

अभिमन्यूनं विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? कपाट कोण झाडतंय, तुपली आजी? शाल घ्या, फेटा घ्या, मला न्हाई त्याचं कवतिक. नारळ मातर मी माघारी देणार न्हाई. कामावर लागले तवा परळीच्या वैजनाथाला नवस बोलले हुते, हातापायानं धड सुटले, तर हापिसातनं मानाचा नारळ मिळंल तो तुझ्या पायरीवर फोडीन. बाजारचा चालत न्हाई. मानाचाच पायजे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन त्यो देवापुढं नासका निगाला, तर म्या काय समजायचं रं? समदी नोकरी नासली, आसंच ना?"

अभिमन्यूनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या अंगाला नुसता माठातल्या पाण्याचा वास होता. इतक्या वर्षांत त्या कचेरीत त्याला खिडकीकडं तोंड न करता ज्याच्याशी बोलता आलं, असं ते एकच माणूस.

"चांगला देतो मावशी," तो म्हणाला. "माझा शब्द."

कार्यक्रमाच्या सकाळी तो बाजारात गेला. दुकानातला नारळ न् नारळ त्यानं कानाशी धरला, नाकाशी धरला. दुकानदार म्हणाला, "साहेब, नारळ घेताय का मुलगी बघताय?" शेवटी एक सापडला. दणदणीत, शेंडीदार, आत पाणी खळखळ हसणारं. फडक्यात गुंडाळून त्यानं तो आपल्या टेबलाच्या खणात ठेवला आणि मंचाची तयारी बघायला गेला.

आणि नेमकी त्याच सकाळी साहेबांना नवी पांढरी जीप आली.

जीप म्हणजे पूजा आली. पूजा म्हणजे नारळ. ड्रायव्हरनं चार खण उघडले, पाचव्यात फडकं दिसलं. "साहेब, तांदळेंनी आधीच आणून ठेवलाय बघा, मनकवडा माणूस!" अभिमन्यू धावत पोर्चात आला तोवर साहेबांनी चाकापुढं नारळ आपटलेला होता. पाणी तोंड लावून प्याले. ते हनुवटीवरनं गळ्याच्या घड्यांत उतरलं. मग कवटीतनं खोबरं दातानं ओरबाडत बोलायला लागले, आणि पांढरे कण अभिमन्यूच्या शर्टावर येऊन बसायला लागले.

"टाका बातमी. साहेबांच्या शुभहस्ते साहेबांच्या गाडीचं पूजन."

"साहेब, तो केसरबाईंचा नारळ होता."

"मग? तिला कपाटातला आहे की."

"तो नासलाय साहेब. मी पळत जाऊन दुसरा—"

"पाहुणे फाटकात आलेत, तुम्ही पळता कुठं? मोबाईल धरा. आज कार्यक्रम ग्रुपवर लाइव्ह जाणार आहे." साहेबांनी शर्टाच्या खिशातनं एक कागद अर्धा वर काढला आणि थोपटून परत आत सारला. त्याला खोबऱ्याचा ओला तुकडा चिकटला होता. "मिसेसचा अर्ज मुद्दाम खिशातच घेतलाय. कार्यक्रम नीट पार पडू द्या. आजच शेरा मारतो."

अभिमन्यूनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मिटताना त्याला स्वतःच्याच तोंडाचा वास आला. तोसुद्धा त्या कपाटातलाच होता.

मंचावर पाहुणे म्हणून मोहनराव. या भागातले पुढारी, बगळ्यासारखे पांढरे कपडे. भाषण असं लांब की सुरुवातीला सोयाबीन पेरलं तर शेवटाला काढणीला यावं. त्यांनी गणपतीपासून सुरुवात केली, मधे ऊस, रस्ते, स्वतःचे वडील, स्वतःचा गुडघा असं करत केसरबाईवर आले तेव्हा समोरच्या रांगेतल्या दोघांची दाढी वाढली होती. अभिमन्यू समोर मोबाईल धरून उभा. काचेवर खालनं वर नावं सरकत होती. अजून सत्कार झाला नव्हता आणि तालुका लिहीत होता: हार्दिक अभिनंदन साहेब. मधेच एक नाव त्याला दिसलं, योगिता. ग्रुप बाराव्या तालुक्याचा, पण तिला त्यानंच त्यात घेतलं होतं. ती आष्टीपलीकडनं बघत होती.

केसरबाईच्या डोक्यावर फेटा बसला. तिनं एकदाच करकरून डोकं खाजवलं. खांद्यावर शाल उभी राहिली. मग हातात नारळ आला. तो तिनं दोन्ही हातांनी असा पोटाशी धरला की जणू नातू आहे. पडद्यामागं रिकामी जागा आहे, आज कुणी हात पुढं करून उभं नाही, हे बघून ती हसली.

"केसरबाई," मोहनराव म्हणाले, "परळीला फोडनार हायत म्हनं नारळ! आवो, वैजनाथ काय परळीतच बसून हाय व्हय? चराचरात हाय. फोडा हितंच. आमालाबी पुन्य!"

"न्हाई दादा. पायरीवर बोलल्याली हाय."

"फोडा हो मावशी," साहेब म्हणाले, दात दाखवत, कारण लाइव्ह होतं. "सगळा तालुका बघतोय. इथं फोडा, खोबरं परळीला न्या. तांदळे, जवळ या, जवळून घ्या."

पुढाऱ्यांचा आग्रह आणि साहेबांचा हुकूम. शिपाई बाई किती नाही म्हणणार? केसरबाई दोन पावलं पुढं आली, मंचाच्या दगडी पायरीपाशी वाकली. वैजनाथाचं नाव घेतलं. नारळ उचलला. आणि उचलताना तिनं मोबाईलच्या वरनं अभिमन्यूच्या डोळ्यांत बघितलं. तोंडानं नाही, पण विचारलं: चांगला हाय ना रं?

साहेबांच्या खिशातनं अर्जाचा कोपरा डोकावत होता. काचेवर योगिताचं नाव तसंच होतं. अभिमन्यूनं इतकी वर्षं जे गिळलं ते सगळंच वर यायला लागलं.

"मावशी, फोडू नका!" तो म्हणाला. "नासका हाय त्यो."

मोबाईल तसाच धरून तो पुढं बोलला.

"तुमचा चांगला आणलता. साहेबांनी सकाळी जीपला फोडला. हा कपाटातला. आपण सगळ्यांनी एकमेकाला दिलेला."

रांगांमधल्या माणसांनी माना खाली घातल्या. तो नारळ तिथं प्रत्येकानं एकदा तरी छातीशी धरून फोटो काढला होता. घरी भिंतीवर लावला होता.

मोहनरावांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब मोबाईलकडं बघून मोठ्यानं हसले. "तांदळे आमचे विनोदी आहेत! समितीत नासकं काही नसतं मंडळी. नारळ काय चीज आहे, आत्ता दाखवतो." आणि केसरबाईच्या हातातला नारळ हिसकावून साहेबांनी तो डोक्याच्या वर नेला आणि दगडी पायरीवर दाणकन आपटला.

सटवा, तंबाखू बाजूला ठेव. पुढचं ऐकताना तोंडात काही असू नये.

आवाज आला तो नारळ फुटल्याचा नाही. बैलाचं पोट फुगून फुटावं तसा आला. आतनं काळं, हिरवं, शेंबडासारखं काहीतरी उडालं. निम्मं साहेबांच्या तोंडावर, निम्मं मोहनरावांच्या बगळ्यावर. आणि मग वास सुटला. अरे, वास म्हणजे काय! कडुलिंबावरचे कावळे पिकल्या लिंबोळ्यांसारखे टपाटप खाली पडले. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरून सकाळवर जाऊन थांबले. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीनं तोंडाला पदर लावला म्हणतात. फेट्यातल्या उवा रांगेनं खाली उतरून रजेवर गेल्या. पुढच्या रांगेतल्या एका गुरुजींना इतकी जोराची वांती झाली की त्यात त्यांचा बालपणी गिळलेला चाराणा निघाला.

आणि मोबाईल चालूच होता. अभिमन्यूच्या हातातनं तो वास लाइव्ह गेला. तालुक्यातल्या शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, जिथं जिथं ग्रुप उघडा होता, तिथं मोबाईलमधनं भसाभसा बाहेर पडला.

"आबा," सटवा म्हणाला, "मोबाईलातनं कवा वास येतो व्हय?"

फोर-जी होतं तेव्हा यायचा नाही. फाइव्ह-जी आल्यापासून येतो.

"आसंल," सटवा म्हणाला. "माझा साधा हाय."

पण खरी किळस पुढंच आहे. साहेबांच्या मिशीतनं ते काळं ओघळत होतं, मोहनराव खुर्चीमागं वाकले होते, माणसं नाकं धरून कुंपणावरनं उड्या मारत होती. आणि त्या काचेवर, सगळ्या जगाला दिसत असताना, खालनं वर नावं सरकतच होती. हार्दिक अभिनंदन साहेब. हार्दिक अभिनंदन साहेब. गुच्छ. जोडलेले हात. तेच मुख्याध्यापक: 'आपल्या कार्याचा सुगंध असाच दरवळत राहो.' उजव्या हातानं अंगठा दाबत होते आणि डाव्या हातानं स्वतःचं नाक.

"बंद करा ते! पुसून टाका!" साहेब ओरडले. तोंड पुसायला त्यांना काही सापडेना. त्यांनी खिशात हात घातला, योगिताचा अर्ज काढला, त्याचा बोळा केला आणि त्यानं मिशी पुसली, कान पुसले, नाकाच्या आत बोट घालून पुसलं. आणि तो बोळा अभिमन्यूच्या पायाशी टाकला. "घ्या तुमचा शेरा. आणि बातमी टाका, कार्यक्रम उत्साहात संपन्न."

अभिमन्यूनं बोळ्याकडं पाहिलं. उचलला नाही. मोबाईलवर लाइव्ह बंद केलं आणि तिथंच उभ्या उभ्या बातमी लिहिली. अशी लिहिली:

'आज केसरबाई निवृत्त झाल्या. त्यांनी आपल्याला आयुष्यभर स्वच्छ पाणी दिलं. आपण त्यांना नासका नारळ दिला. तोच आपण इतकी वर्षं एकमेकांना देतोय आणि अभिनंदन म्हणतोय. पंपचालक उत्तरेश्वर अजून दवाखान्यात आहे. आपल्यातलं कुणी त्याला भेटायला गेलेलं नाही.'

त्या बातमीखाली बराच वेळ काहीच आलं नाही. मुख्याध्यापकांनी सवयीनं 'हार्दिक' एवढं लिहिलं, आणि पुढं काय लिहावं ते न सुचून पुसून टाकलं. अभिमन्यू हात धुवायला निघाला, नळापाशी पोहोचला, बोटं नाकाशी नेली, आणि नळ न उघडताच परत फिरला.

केसरबाई फाटकाशी उभी होती. फेटा, शाल मंचावरच टाकून आलेली. अभिमन्यू बाजारात जाऊन नारळ घेऊन आला आणि तिच्या हातात दिला. फोटो नाही, भाषण नाही.

"बाजारचा चालत नाही म्हणालता तुम्ही," तो म्हणाला.

"ह्यो बाजारचा कुठं हाय येड्या?" ती म्हणाली. "समद्या हापिसासमोर शेरा सोडून दिलास तू माझ्यापायी. ह्याच्याहून मानाचा आणिक कुठला आणू?" आणि ती परळीच्या गाडीत बसली. वैजनाथाच्या पायरीवर तो नारळ फुटला तेव्हा खोबरं असं शुभ्र निघालं की पुजाऱ्यानं डोळ्यावर हात धरला.

"हे ब्येस झालं," सटवा म्हणाला. आता कुठं त्यानं चिमूटभर तंबाखू पुढं केली. "आन त्या योगिताच्या बदलीचं? त्या बोळ्याचं?"

आता चिमूट घेतलीच आहे, तर शेवट कडू कसा करू? झाली की बदली! साहेबांना रात्री झोपच लागेना. मिशीचा वास जाईना. बायकोनं अंगणात खाट टाकून दिली. तेव्हा साहेबांचं मन पाघळलं. दुसऱ्या दिवशी स्वतः मंचापाशी गेले, तो बोळा शोधला, गुलाबपाण्यात धुतला, इस्त्री फिरवली, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात शेरा मारला. वर म्हणाले, 'तांदळे, माझे डोळे उघडले.' जिल्ह्याच्या कचेरीत कागद गेला तर तिथं कुणी चहासुद्धा मागितला नाही. आठ दिवसांत आदेश! साहेब स्वतः आपल्या पांढऱ्या जीपमधनं आष्टीला गेले, योगिताच्या हातात आदेश ठेवला, आणि तिला, पोरीला, भांड्याकुंड्यांसकट घेऊन आले. आता तिघं एका ताटात जेवतात. अभिमन्यू हातानं खातो.

बाकड्याच्या टोकाच्या बाई उठून उभ्या राहिल्या. पोरीला खांद्यावर घेतलं, पिशवी उचलली.

"खोटं हाय हे," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"काय खोटं बाई?" सटवा म्हणाला. "नारळ?"

"नारळ खरा हाय. मोबाईलच्या वासाचं तर लई खरं. माझा मी विहिरीत टाकला आन दुसरा घेतला. पर आठ दिवसांत आदेश? आन साहेबांनी घरपोच आणून दिला? आबा, थापा मारा, पर समोर कोण बसलंय ते बघून मारा. मीच योगिता. ती बघा आष्टीची गाडी लागली. सरका, जाऊ द्या मला."